जिवंत नवऱ्याची बायको

एर्लिंडा आर्चुलेटा अमेरिकेतल्या सँटा फे शहरात एका शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. पोरांना हिरव्या मिरचीचा रस्सा वाढून तिचे हात दमत, पाय मात्र कधीच दमले नाहीत. उन्हाळा लागला की मंगळवारी संध्याकाळी चौकात वाजंत्री बसत, आणि ती नवऱ्याला, फाकुंदोला, घेऊन तिथं हजर.

लग्नाआधी बापानं दम भरला होता, "चारचौघांत नाचलीस तर या घरात पाऊल टाकायचं नाही." तिनं खरंच टाकलं नाही. तीन महिने मावशीकडे राहिली आणि दर मंगळवारी नाचली. शेवटी बापच न्यायला आला. पुढं शहर पालटलं. शेजाऱ्यांची मातीची घरं बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतली, चौकातला किराणा जाऊन तिथं चांदीचे दागिने आले. छपरावरून पडून फाकुंदोचा गुडघाही गेला. तरी मंगळवार चुकला नाही. तो तिचा हात धरून जागच्या जागी डुलायचा, ती त्याच्याभोवती गिरकी घ्यायची.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी मैत्रिणीचा, प्रिसिलाचा, फोन आला.

"अगं, तुला टांगलंय!"

"कुठं?"

"कॅन्यन रोडवर, चित्रांच्या दालनात. आज संध्याकाळी उद्घाटन आहे. फुकट वाइन पण आहे, चल."

एर्लिंडानं लाल घागरा चढवला, फाकुंदोला गाडीत बसवलं. दालनात गर्दी होती. समोरच्या भिंतीवर माणसाएवढं चित्र. तोच घागरा, तेच बूट, नाकाशेजारची चामखीळसुद्धा. डोळे मिटून ती नाचतेय आणि पुढं केलेला हात मोकळ्या हवेत. खाली पाटी होती, 'वृद्ध विधवेचा एकाकी नाच'.

फाकुंदोनं पाटी दोनदा वाचली. "मी मेलो कधी? मला कुणी कळवलं पण नाही!"

प्रिसिला फिस्सकन हसली. एर्लिंडा हसली नाही. तिनं चित्रकाराला शोधून काढलं. वेस्ली नावाचा उंच, भला दिसणारा माणूस होता, देशाच्या पूर्वेकडून दोन वर्षांपूर्वी इथं आलेला.

"या हातात माझा नवरा होता," ती म्हणाली. "कुठं ठेवलात त्याला?"

तो गोरामोरा झाला. "बाई, ही अगदी तुम्हीच असं नाही. या मातीतलं एकटेपण मला दाखवायचं होतं."

"एकटेपण तुमचं असेल. ते माझ्या अंगावर का घालता?"

दालनाची मालकीण लगबगीनं आली. "जरा हळू बोलाल का? पाहुणे आहेत."

"पाहुणे ते आहेत, मी इथलीच आहे. हळू कशाला बोलू?"

कोपऱ्यात मेलितॉन गिटार छेडत होता. मंगळवारी चौकात वाजवायचा तोच. एर्लिंडानं त्याला हाक मारली, "हे झोप आणणारं वाजवणं पुरे झालं. आपलं काहीतरी वाजव."

मेलितॉननं मालकिणीकडं पाहिलं, मग एर्लिंडाकडं, आणि तारांवर हात मारला. फाकुंदोनं काठी प्रिसिलाकडं दिली. चित्राच्या पुढ्यातच दोघं नाचली. पाहुणे पेले घेऊन भिंतीला सरकले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी तोंडं वाकडी केली. फाकुंदोचा गुडघा कटकट वाजत होता, तरी गाणं संपेपर्यंत त्यानं हात सोडला नाही.

तिथंच ती थांबली नाही. पुढचे दोन शुक्रवार ती घडीची खुर्ची घेऊन आली, फाकुंदोला चित्राखाली बसवलं आणि येईल त्याला सांगितलं, "हा बघा, आमचा मेलेला माणूस." फाकुंदो अदबीनं टोपी उचलायचा. त्यानंतरच्या शुक्रवारी पाटी बदलली होती: 'एर्लिंडा आर्चुलेटा, नवऱ्याबरोबर नाचताना'. वेस्लीनं ती स्वतःच्या हातानं लिहिली होती.

"तुमचं दोघांचं नवं चित्र काढू का?" त्यानं चाचरत विचारलं.

"नको. नाचायचं असेल तर मंगळवारी चौकात ये. चित्रांची वही घरी ठेव."

उन्हाळ्याच्या शेवटच्या मंगळवारी तो रिकाम्या हातानं आला. प्रिसिलानं त्याला ओढून नाचायला घेतलं. त्यानं चारदा तिचा पाय तुडवला, आणि चारही वेळा चौकाला ऐकू जाईल अशी तिनं त्याची खरडपट्टी काढली.