मालिकेतल्या घराचं अंगण

बाबा गेले त्या वर्षी आई दिवसभर कुणाशी बोलायची नाही. संध्याकाळी एक मालिका लागायची, तेवढ्यापुरती उठून बसायची. कोकणातलं कौलारू घर, समोर मोठं अंगण आणि अंगणात उंच, रंगवलेलं तुळशीवृंदावन. नायिका रडायची ती तिथेच, हसायची तीही तिथेच. मालिका संपल्यावर आई म्हणाली, "ते घर एकदा बघून येऊ." म्हणून गेल्या हिवाळ्यात मी तिला साताऱ्याहून रत्नागिरीला नेलं.

आरे-वारेच्या पुढे एका गावात रिक्षावाल्याने आम्हाला सोडलं. घर तेच होतं. वृंदावन मात्र नव्हतं. त्या जागी उखडलेली जमीन आणि तेलाच्या डब्यात लावलेली एक तुळस.

घरच्या काकूंनी पाणी आणून दिलं. आईने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते शूटिंगवाल्यांचं होतं हो, प्लायवूडचं. पहिल्याच पावसात फुगून पडलं."

"मग तुमचं?"

काकू आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेल्या. तिथे चिऱ्यांचा ढीग पडला होता, त्यावर शेवाळ धरलेलं. त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः रचलेलं वृंदावन. बुटकं होतं, कॅमेऱ्यात दिसत नव्हतं, म्हणून शूटिंगवाल्यांनी फोडलं.

"जाताना होतं तसं बांधून देतो म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "घाईत राहिलं असेल."

घाईत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या अंगणाकडे बघून माझी आई सावरली, ते असं दुसऱ्याचं मोडून उभं केलेलं होतं.

एवढ्यात गाडी थांबली आणि एक कुटुंब थेट अंगणात शिरलं. सारवलेल्या जमिनीवर बूट घालून. त्यातल्या माणसाने इकडेतिकडे बघितलं आणि काकूंवरच डाफरला, "वृंदावन काढून टाकलंत? आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून आलो. जरा जपायला काय झालं होतं?"

"पावसात गेलं हो," काकू ओशाळून म्हणाल्या.

त्यांचं ते ओशाळणं मला सहन होईना. मी तोंड उघडणार, तोच आई पुढे झाली. आवाज न चढवता म्हणाली, "हे यांचं राहतं घर आहे. आधी बूट काढा. आणि जपण्याबद्दल बोलायचं असेल तर मागे चला, काय फोडलंय ते दाखवते."

तो माणूस मागे गेला नाही. बायकामुलांना पायरीवर बसवून त्याने फोटो मात्र काढलेच, मग गाडी निघून गेली.

रत्नागिरीला परतल्यावर मी लॉजवरून मालिकेच्या ऑफिसचा नंबर शोधून फोन लावला. एका मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पण ती मालिका तर संपली ना."

"मालिका संपली," मी म्हटलं, "त्या बाईंचं घर संपलेलं नाही."

"मी वर कळवते," ती म्हणाली.

नंतर मी तीनचारदा फोन केला. वर कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. आता तो नंबर लागतही नाही. परवा आईने काकूंना फोन केला, तर त्या तिलाच समजावत होत्या, "तुम्ही नका हो त्रास करून घेऊ." ते ऐकून मी पुन्हा पेटले. त्रास करून घ्यायला दुसरं कुणी तयार आहे का?