इनामगावच्या टेकाडावरची बाई

मी दौंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर नमुने तपासायचे, रिपोर्ट द्यायचे. आमच्याकडे कुणाच्या अंगात येत नाही, मी कधी कुणाची दृष्ट काढलेली नाही, आणि या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव आजवर जेवताना टाइमपास म्हणून वाचत आले. त्यामुळे स्वतः लिहायला बसताना अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते माझ्यासमोर झालं.

माझं माहेर मांडवगण फराटा. धाकटा भाऊ संतोष कारेगावजवळ एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याची बायको सुजाता. दोन वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. बारसं व्हायच्या आत ती गेली.

एवढ्या लहान जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. संतोष आणि भावकीतले दोघं-तिघं तिला नदीकडे घेऊन गेले. आईने मागे जायचं नसतं, म्हणून जागा कुठली हे सुजाताला कुणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ती सगळं करायची – स्वयंपाक, धारा, शेतातली भांगलण – फक्त बोलायची नाही. त्या हिवाळ्यात एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, “ताई, नदीकडं लई गार लागत असंल न्हाई?”

मला सायकलचं वेड आहे. शिरूरपासून घोडनदीच्या कडेकडेने खाली यायचं, मग भीमेच्या काठाने दौंडपर्यंत – सुट्टीला माहेरी आले की एकेक तुकडा करायचा, जुने घाट, देवळं, पडक्या वेशी बघायच्या, असं माझं चाललं होतं. म्हटलं, हिलाही बाहेर काढू. संतोषची जुनी सायकल तिला दिली. आई कुरकुरली, “लोक काय म्हंतील?” पण सुजाता मुकाट्याने माझ्या मागे पेडल मारत यायला लागली.

त्या रविवारी आम्ही इनामगावला निघालो. फार पूर्वीची, ताम्रपाषाण काळातली वस्ती तिथे खोदकामात सापडली, एवढंच मला माहीत होतं. सुजाताला मी एवढंच सांगितलं की नदीकाठी एक टेकाड आहे, ते बघायचंय.

सकाळचं कोवळं ऊन होतं. टेकाडाच्या अलीकडेच माझं मागचं चाक बसलं – बाभळीचा काटा. “तू हो पुढं, मी आलेच,” म्हणून मी पंक्चर काढायला बसले. मध्येच मान वर केली तर टेकाडावर दोघी बसलेल्या. एक सुजाता. दुसरी एक बाई, मातकट रंगाचं काहीतरी नेसलेली, गुडघे पोटाशी घेऊन. मला बरं वाटलं. कुणाशी तरी बोलतेय, म्हटलं. जाणूनबुजून मी हात हळू चालवला.

सायकल ढकलत वर पोहोचले तेव्हा सुजाता एकटीच होती. हाताचा तळवा जमिनीवर टेकवून बसलेली, आणि तो तळवा हळूहळू थोपटत होता... बाळाला निजवताना थोपटतात तसा.

“ती बाई कुठं गेली गं?”

“हितंच व्हती की!” तिने मागे वळून पाहिलं. मग उठून उभी राहिली.

आजूबाजूचा ऊस तुटून गेलेला. नदीपर्यंत सगळं उघडं. बाभळी होत्या, पण त्यांच्यामागे माणूस लपेल अशा नाहीत. आणि वर यायची पायवाट एकच, तिच्यावर मी होते.

सुजाता घाबरली नव्हती. तिचा चेहरा रडून मोकळा झालेला होता. म्हणाली, “ताई, तिची बी गेलीया. पर ती म्हणली, लांब न्हाई ठिवली. घरातच हाय, चुलीपाशी. तिथं ऊब लागती.”

“घरात? घरात कसं ठेवतील?”

तिने दोन्ही तळवे वाटीसारखे पोकळ केले आणि एकमेकांवर आडवे मिटले. “अशी दोन मडकी. तोंडाला तोंड लावून. आत लेकरू. म्हंजी पोटात असल्यावानी. आन् वरनं जमीन सारवायची.”

“कुठल्या गावची म्हणाली? बोलत कशी होती?”

“आपल्यासारखीच... न्हाई ओ ताई. ती बोलली का मला नुसतंच समजलं, आता सांगता येईना. हातात पांढऱ्या बांगड्या व्हत्या, शिंपल्याच्या असत्यात तशा.”

गावात एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्या मावशींना मी सहज विचारलं, टेकाडाकडे कुणाची वस्ती आहे का? तर नाही म्हणाल्या. मग आपणहूनच बोलायला लागल्या. “आमच्या सासूबाई व्हत्या ना खोदायच्या कामावर. बारकाल्या लेकरांची मडकी निघायची म्हणं घराच्या जमिनीखाली. दोन-दोन, तोंडाला तोंड. निघालं की बायका हातातलं काम थांबवायच्या, जरा वेळ गप बसायच्या. कुणाचं का असंना, लेकरूच की.”

मी सुजाताकडे बघितलं. सुजाताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मावशींना म्हणाली, “व्हय. घरातच ठिवायची ती.” जशी काही शेजारणीची गोष्ट.

मी त्या दिवशी मुक्कामालाच होते. संध्याकाळी संतोष कामावरून आला, तसं तिने त्याला पाणी दिलं आणि सरळ म्हणाली, “मला जागा दाखवा.” आई लगेच “असलं करू नये” म्हणून पुढे झाली. सकाळी मात्र संतोषने गाडी काढली, आम्हा दोघींना बसवलं.

नदीच्या वरच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली, दगडांचं एक लहानसं रिंगण रचलेलं होतं. आतलं गवत उपटून साफ केलेलं. अगदी अलीकडेच.

“कुणी केलं हे?” सुजाताने विचारलं.

“मी,” संतोष म्हणाला. “येत असतो मधनं मधनं. कुत्री उकरत्यात म्हणून दगडं लावली. तुला सांगितलं न्हाई... तुला तरास व्हईल वाटलं.”

माझा भाऊ तिथे जातो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सुजाता त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, तोही रडला. मी नदीकडे तोंड करून उभी राहिले.

येताना तिने तिथली मूठभर माती पदरात बांधून आणली. अंगणात आमची पाणी तापवायची चूल आहे, तिच्या शेजारी तिने खड्डा केला. आई ओट्यावरून बघत होती. मला वाटलं आता ओरडणार. ती उठली, शेण कालवून आणलं आणि माती घातल्यावर ती जागा स्वतः सारवली. “दोन बोटं अलीकडं घ्यायचं गं,” म्हणाली, “तिथं राख पडती.”

सुजाता बोलायला लागली. लगेच नाही, पण लागली.

मी नंतर सगळ्या बाजूंनी विचार केला. तिने शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल? ती नाही म्हणते. मीच कधी बोलले असेन? मलाच ते माहीत नव्हतं. दुःखात माणसाला भास होतात, तेही मान्य... पण मग पंक्चर काढताना मला दोघी कशा दिसल्या? माझं कुठं लेकरू गेलं होतं? उत्तर सापडलेलं नाही.

मध्यंतरी मी सुजाताला विचारलं, पुन्हा जायचं का इनामगावला? भेटेल कदाचित. ती चुलीत लाकूड सारत होती.

“कशाला, ताई?” ती म्हणाली. “तिला बी घरचं काम असंल.”