सोनाजी मिस्त्रीची गाठ

फकिराला मी भाऊबीजेला ओवाळलंय. पाट मांडून, कुंकू लावून, तोंडात करंजी घालून. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी त्याला काय बोलेन त्याचं कुणाला वाईट वाटायला नको. माझा भाऊ होता तो. भावाला शिव्या द्यायचा बहिणीला हक्क असतो.

आमचे मालक म्हणजे सोनाजी मिस्त्री. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाय, पण गोष्टच त्यांची हाय म्हणल्यावर एकदा घेतलं, झालं. मेंढरांमागं वाढलेला माणूस. सासरे कळप घेऊन रानोमाळ हिंडायचे. एकदा दौलताबाद रोडला एक ट्रक बंद पडला होता, तिथं मालक बघत उभे राहिले ते राहिलेच. कळप पुढं गेला आणि ह्यांचं डोकं इंजिनात. सासूबाई, दगडाबाई त्यांचं नाव, मरेपर्यंत म्हणायच्या, माझं एक मेंढरू डिझेल पिऊन बिघडलं.

पडेगावात रस्त्याला लागून फकिराची जमीन होती. त्यानं तिथं पत्र्याचं शेड ठोकलं आणि मालकांना म्हणला, जागा माझी, हात तुझे. गडी तसा हुशार, बोलायला गोड. गिऱ्हाईक त्यानं आणायचं, सामान त्यानं औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणायचं, आणि गाडीखाली मालकांनी शिरायचं. एका ताटात जेवायचे दोघं. फकिराची आई म्हणायची, मला दोन लेकरं, एक शेतातलं, एक मेंढरातलं.

मालकांचा हात बसला होता स्टार्टरवर. चावी फिरवली की इंजिनला पहिला धक्का देणारी मोटर ती स्टार्टर, आणि तिच्या पाठीवर बसवलेलं मुठीएवढं नळकांडं म्हणजे सोलेनॉइड. चावीची बारीक वायर त्याला हुकूम देते, ते आतला दांडा खट्टकन ओढतं, आणि बॅटरीची सगळी ताकद मोटरला मिळते. ते जळलं की ट्रॅक्टर म्हणा, टेम्पो म्हणा, जागचा हलत नाय. मी डबा घेऊन जायचे ना, बघून बघून मलाबी पाठ झालं. आधी नवं सोलेनॉइड बाहेरच बॅटरीवर लावून बघायचं, दांडा ओढतंय का. मग दांडा आतल्या काट्यात नीट अडकवायचा, बोल्ट आवळायचे, जाड वायर, मग बारीक वायर. गाडीवर तपासायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेबी वर सीटवर बसून, चावीनं. खाली उभं राहून सोलेनॉइडला पेचकस टेकवून, ठिणगी पाडून गाडी चालू करणारे लई हायत. मालक त्यांना म्हणायचे, तुमच्या बायकांची कुंकवं स्वस्त झाली का रे?

आणि एक त्यांची स्वतःची रीत होती. कामाला हात लावायच्या आधी बॅटरीची मायनसची वायर काढायची आणि तिच्या टोकाला स्वतःचा रुमाल बांधायचा. रुमाल हाय तोवर माणूस गाडीला भिडलेला हाय, हे सगळ्यांनी समजायचं. ज्याचा रुमाल त्यानंच सोडायचा. गाठ कसली मारायचे म्हणाल, तर कोकराची. कळपात कोकरू बांधायला आमच्यात एक गाठ असते. ज्याला माहीत हाय त्यानं दुमडलेला शेव ओढला की एका झटक्यात सुटते. ज्याला माहीत नाय तो दुसराच शेव ओढतो, आणि जितकं ओढावं तितकी ती आवळत जाते. फकिरा लई मागं लागायचा, मेंढक्या, मला शिकव की. मालक हसायचे. म्हणायचे, तुला शिकवली तर ती गाठ कशाला ऱ्हायची?

तात्यासाहेबांचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी डबा देऊन घरी आले होते, पुढचं लोकांकडनं ऐकलेलं सांगते. तात्यासाहेब म्हणजे तिकडचेच मोठे जमीनदार, ऊस कारखान्याला घालायचा म्हणून घाईला आलेले. सोलेनॉइड जळालं होतं. फकिरा नवं घेऊन आला. तात्यासाहेब पलीकडं टपरीवर चहाला गेले आणि तिथून हाका मारत राहिले, झालं का, झालं का. मग एकदम ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्यामागं मालकांचा.

मागचं मोठं चाक मांडीवरनं गेलं. डोकं रिमवर आदळलं. फकिरानंच मालकांचा रुमाल पायाला करकचून बांधला, फकिरानंच उचलून जीपमध्ये घातलं, दवाखान्याच्या दारात फकिराच ढसाढसा रडला. डॉक्टर म्हणले, वेळेवर बांधलं म्हणून माणूस वाचला. मी त्याच्या पाया पडले हो. भर दवाखान्यात.

मालक शुद्धीवर आले तेव्हा त्या दिवसाचं काहीच आठवेना. सकाळी भाकरी खाल्ली इथपर्यंत आठवे, पुढं अंधार. त्यांनी फकिराला विचारलं, काय झालं रे? फकिरा त्यांचा हात हातात धरून म्हणला, "सोन्या, तूच रुमाल सोडला, तूच वायर जोडली. मला म्हणला, न्यूट्रल हाय, मार चावी. म्हणून मी मारली. गियर पडलेलाच होता रे."

बस. पाय मोडला त्या दिवशी नाय, माणूस मोडला तो ह्या दिवशी.

पाय जरा आखडला, काठी आली, पण चालायला लागले. फकिरा म्हणला, ये, बसून काम कर. मालक शेडच्या दारापर्यंत गेले, पाना हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. पाना खाली ठेवून घरी आले. म्हणले, कस्तुरा, जो माणूस गियर न बघता चावी मार म्हणतो, त्यानं दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नसतो. आज माझा पाय गेला, उद्या कुणाचा जीव जाईल. मी किती समजावलं. घरची पिठाची गिरणी लावताना बटण दोन-दोनदा बघायला लागले. घराची कडी लावली का म्हणून परत उठायचे. मग पुंडलिकनगरात एका बिल्डिंगीवर वॉचमन म्हणून लागले. एवढा नावाजलेला मिस्त्री लोकांच्या स्कूटरी सरळ लावत बसला. कुणाची गाडी सुरू होत नसली तरी हे जागचे उठायचे नायत.

आणि फकिरा? सणावाराला गव्हाचं पोतं घेऊन यायचा. वहिनी नाय, ताई म्हणायचा मला. मालकांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, होतं रे माणसाकडून, कशाला मनाला लावून घेतो? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापणाराच वर फुंकर घालत होता, आणि आम्ही त्यालाच देव समजत होतो.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. अपघातापासून मालकांनी हत्यारांची पिशवी उघडली नव्हती. यंदा मी हट्टच धरला. म्हणलं, तुम्ही हात लावू नका, पण लक्ष्मी हाय ती, तिला गंज चढू देऊ नका. पिशवी ओतली अंगणात. पान्यांच्या खाली दवाखान्यातनं दिलेली प्लास्टिकची थैली निघाली. तिच्यात तो रुमाल. रक्तानं काळा पडलेला, वाळून चामड्यागत झालेला. तेव्हा माझ्यानं बघवला नव्हता म्हणून मीच खाली कोंबला होता.

मी टाकायला उचलला. मालक म्हणले, थांब.

रुमालाच्या एका टोकाला गाठ होती. कोकराची. अजून तशीच्या तशी. आणि गाठीपुढचं जे वेढं वायरीभोवती बसतं, ते धारदार पात्यानं सपकन कापलेलं. मालकांनी दुमडलेला शेव धरला, जरा ओला केला आणि ओढला. एका झटक्यात सुटली गाठ.

मला समजायला वेळ लागला, त्यांना नाय लागला. गाठ ज्यानं मारली त्याला कापायची गरज काय? ज्याला सोडता येत नाय तोच कापतो. म्हणजे रुमाल मालकांनी सोडलाच नव्हता. ते अजून चाकाजवळ शेवटचा नट आवळत असणार, बॅटरी बंद हाय ह्या भरोशावर. गियर बघायची वेळ त्यांची आलीच नव्हती, कारण ते बघून मगच वायर जोडायचे. वायर जोडली ती दुसऱ्यानं.

मालक रडले नायत. काठी घेतली आणि म्हणले, चल पडेगावला.

शेडमध्ये पूजा चालू होती. झेंडूच्या माळा घालून गाड्या लावलेल्या, त्यात तात्यासाहेबांचा तोच ट्रॅक्टरबी होता, आणि तात्यासाहेब खुर्चीवर बसलेले. फकिराला तर आनंदच झाला. या, या, म्हणला, मिस्त्री आले, नारळ तुझ्या हातानं फोड. मालक सरळ ट्रॅक्टरपाशी गेले, मायनसची वायर काढली, तोच काळा रुमाल तिच्या टोकाला गुंडाळला आणि गाठ मारली.

"फकिरा," ते म्हणले, "सोड ही."

सणाच्या दिवशी काय खेळ मांडला, म्हणून फकिरा हसला. पण चार माणसं बघत होती. त्यानं एक शेव ओढला. गाठ आवळली. दुसरीकडनं ओढून बघितलं, नखं लावली, दात लावायला गेला आणि वास आला का काय, मागं झाला. आणि मग त्याचा हात आपोआप खिशात गेला. वायरी सोलायचा चाकू असतो त्याच्याकडं कायम. चाकू उघडला, रुमालाला लावला, आणि तिथंच त्याला आधीचा काप दिसला. तस्साच, त्याच जागी.

चाकू तसाच हातात राहिला त्याच्या. तात्यासाहेब उठून उभे राहिले. म्हणले, अरे, तू तर म्हणला होता, सोनाजीनंच सोडली.

फकिरा खाली बसला. तात्यासाहेब टपरीवरनं हाका मारत होते, म्हणला. मला वाटलं तू बाजूला झालास. नंतर तूच म्हणला, काही आठवत नाय, मग मी...

मालक म्हणले, "पायाचं मी काय बोललो नसतो. चूक कुणाकडूनबी होती. पण माझ्या हातावरचा माझा इश्वास तू नेलास, आणि बदल्यात गहू आणून दिलास."

मग त्यांनी एका झटक्यात गाठ सोडली. गियरचा दांडा हलवून बघितला. पडलेलाच होता, तात्यासाहेबांचा ड्रायव्हर उभी गाडी गियरमध्येच टाकतो, तेव्हाबी तसाच टाकला असणार. न्यूट्रल केला, चारी चाकांना दगड लावले, सगळ्यांना पुढून बाजूला केलं, मग वायर जोडली. लंगडत सीटवर चढले, इंजिन पेटू नये म्हणून डिझेल बंद करायचा दट्ट्या ओढून धरला आणि चावी फिरवली. खट्ट. स्टार्टर गरागरा फिरला. त्यांनीच बसवलेलं सोलेनॉइड होतं ते. उतरले आणि निघाले. नारळ फोडला नाय.

आता छावणीकडं एका झाडाखाली मालकांचं काम चालतं. गिऱ्हाईक येतं, हात पहिल्यासारखा हाय. यंदाच्या भाऊबीजेला फकिरा दारात येऊन उभा राहिला होता. मालक म्हणले, चहा दे त्याला. दिला. पाट मांडला नाय, आणि ह्या जन्मात मांडायची नाय.

पण एक सांगते. मालक आता वायरीला रुमाल बांधत नायत. बॅटरीच पूर्ण उचलतात, आणि गाडीखाली जाताना आपल्या डोक्याशी घेऊन ठेवतात, हात लागेल अशी. मी डबा घेऊन जाते, पूर्वीसारखी शेजारी, बॅटरीजवळ टेकते. तर गाडीखालनं आवाज येतो, "कस्तुरा, तू जरा लांब बस."