मेंबरीणबाईचा नवरा

मला बातम्यांचं व्यसन आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. सकाळी दोन पेपर, दुपारी जेवताना एक चॅनल, संध्याकाळी दुसरं, आणि मधल्या वेळात मोबाइल. जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी करत होतो तेव्हा बसमध्ये माझी खिडकीजवळची जागा ठरलेली असायची. तिथे पेपर नीट उघडता यायचा आणि मागच्या दोन सीटवरच्यांना तो फुकट वाचता यायचा. रिटायर झालो, क्वार्टर सोडलं आणि पवनीकडच्या आमच्या गावात येऊन राहिलो. गाव म्हणजे नवं गाव. जुनं गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. इथे रस्ते सरळ, प्लॉट आखीव आणि नळाला दिवसाआड पाणी.

सध्याच्या राजकारणाने माझ्यासारख्या माणसाची मोठी सोय केली आहे. सकाळी चहा पिताना जो पक्ष एक असतो, तो दुपारी ताटात भात पडेपर्यंत दोन झालेला असतो. कोण कोणाबरोबर आहे हे मी एका वहीत लिहून ठेवायचो. खोडाखोड इतकी झाली की शेवटी पेन सोडून पेन्सिल घेतली. काल ज्याला तुरुंगात धाडायचं म्हणत होते त्याच्या गळ्यात आज हार. लोक म्हणतात, चीड येते. मला नाही येत. मला मजा येते, खोटं कशाला बोलू?

एकदाच मी खरा चिडलो, तो शेजाऱ्यावर. हा माझा जुन्या गावापासूनचा दोस्त, चार एकर धान करतो. त्याचा एक लाडका नेता, माझा दुसरा. ओसरीवर बसून आमचं जे जुंपलं ते दोघांच्या बापांचा उद्धार होईपर्यंत गेलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे सहा महिन्यांत ते दोन्ही नेते एकाच मंत्रिमंडळात शेजारी शेजारी बसले. आम्ही दोघे मात्र एका ओसरीवर बसायला तयार नव्हतो. असं दीड वर्ष चाललं.

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी होती. बचत गटाच्या बायका घरी आल्या आणि त्यांनी माझ्या बायकोलाच उभं राहायला सांगितलं. अंगणवाडीच्या मागची नाली दर पावसाळ्यात आत घुसते आणि लेकरं चिखलात बसून खिचडी खातात. त्यासाठी गटाने किती अर्ज दिले त्याचा हिशेब नाही. मी म्हणालो, "हौस म्हणून उभी राह्य. अनुभव येईल."

ती म्हणाली, "हौस नाही जी. मले निवडून याचं हाये. थे नाली मले बांधाची हाये."

इतकी वर्षं माझं राजकारण ऐकत तिने पोळ्या लाटल्या होत्या. तिच्या तोंडून "निवडून याचं हाये" हे ऐकून मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. मी लगेच पेन्सिल काढली. कोणत्या गल्लीत कोणाचं वजन, कोण फुटेल, कोण शेवटच्या दिवशी फिरेल, असं सगळं मांडलं. पक्की मतं म्हणून पहिली दोन लिहिली ती तिचं आणि माझं. ती माझी वही बघून "बरं हाये" म्हणायची आणि मतदार यादी पिशवीत घालून घरोघर जायची. तिथे राजकारणाचं काही बोलायचीच नाही. सुनेचं बाळंतपण, सासूचा गुडघा आणि जाता जाता नाली. चिन्ह पंखा मिळालं होतं. लाइट गेली की समोरच्या उमेदवाराचे लोक ओरडायचे, "बंद पडला तुमचा पंखा." मी तिला समजावलं की तुझ्या प्रचाराला दिशा नाही. ती म्हणाली, "असन."

मतदानाच्या दिवशी नवा कुर्ता घालून मी शाळेत गेलो. रांगेत मागच्या-पुढच्यांना चार गोष्टी समजावल्या. आत टेबलाजवळच्या माणसाने यादी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "काका, तुमचं नाव नाही."

आता मूर्खपणा सांगतो. माझं नाव जवाहरनगरच्याच यादीत होतं. बायकोचं नाव मी स्वतः फॉर्म भरून गावात आणलं होतं. माझं मुद्दाम तिकडे ठेवलं, कारण लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला आम्ही रिटायर झालेले सगळे तिकडे जमतो. जुन्याच केंद्रावर मत द्यायचं, मग गेटसमोर चहा आणि आलुबोंडा खात संध्याकाळपर्यंत सरकार बनवायचं. हा आमचा सण आहे. तो कसा सोडणार? गावच्या निवडणुकीचं मी डोकं चालवून ठेवलं होतं. दिल्लीचा निवडणूक आयोग वेगळा, राज्याचा आयोग वेगळा, म्हणजे यादीही वेगळी असणार आणि घरटॅक्स भरणाऱ्याचं नाव तीत आपोआप येणार. हे सगळं मी त्या माणसाला तिथे उभं राहून समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"आयोग दोन हायेत काका," तो म्हणाला, "पण यादी विधानसभेचीच रायते."

मागे कोणीतरी हसलं. मी बाहेर आलो आणि घरी जाऊन टीव्हीपुढे बसलो. चॅनलवर आठ जण एकदम ओरडत होते, पण एक शब्द कानात शिरला नाही. बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी पवनीला मतमोजणीच्या मांडवाबाहेर उभा होतो. ही एका मताने पडली तर उरलेलं आयुष्य कोणत्या तोंडाने जेवायचं, एवढंच डोक्यात होतं.

ती एका मताने आली.

पडली नाही, आली. मी इतका रडलो की लोकांनी मलाच गुलाल लावला.

संध्याकाळी घरी जी रीघ लागली ती बघण्यासारखी होती. नागपूरहून सुट्टी टाकून आलेला एक जण म्हणाला, "काकू, थे एक मत माहं होतं." एका म्हातारीला नातवाने मोटरसायकलवर बसवून केंद्रावर नेलं होतं. ती म्हणाली, ते एक मत तिचं. ज्यांनी नक्की समोरच्या बाईला मत दिलं असणार, तेही चहा पिऊन सांगून गेले की ते मत त्यांचंच. बायको प्रत्येकाला म्हणत होती, "तुमचंच होतं जी." आणि एका मताने निवडून आलेल्याच्या बाबतीत ते प्रत्येकाचं खरंच असतं. अख्ख्या वॉर्डात फक्त मलाच तसं म्हणता येत नव्हतं.

मग शेजारी आला. दीड वर्षाने त्याने आमच्या ओसरीवर पाय ठेवला. तो बसला, चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही म्हणा, खरं एक मत त भाऊचंच. घरच्या माणसाचं."

मान हलवली असती तर भागलं असतं. पण त्याने दीड वर्षाचं सोडून मोठं मन दाखवलं होतं, आणि मला ते खोटं पचलं नसतं.

"माहं नावच नाही इथल्या यादीत," मी म्हणालो. "जवाहरनगरले हाये."

ओसरीवर जो हशा झाला तो चौकापर्यंत गेला असेल. एकटी बायको हसली नाही.

"मले पयल्याच दिवशी ठाऊक झालतं," ती म्हणाली. "यादी वाचून राह्यली होती ना मी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"नावं घालाची तारीख निघून गेलती. सांगतलं असतं त तुमी चार दिवस जेवले नसते. एक मत कमी पडत होतं, म्हणून मी यायच्या घरी गेली." तिने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या वहीत त यायच्या घरावर फुली होती."

होती. पेनाने मारलेली.

मी त्याच्याकडे बघितलं. तो कपात बघत होता.

"वहिनीले म्हटलं, मत देतो," तो म्हणाला. "पण भाऊले सांगू नोका. त्यायले वाटन, मी पक्ष बदलला."