समुद्राच्या बाजूचे गार्डकाका

आमच्या शेजारचे गार्डकाका पश्चिमेला कधी पश्चिम म्हणाले नाहीत. ते म्हणत ‘समुद्राची बाजू’. आणि हे झाशीत, जिथून समुद्र गाठायला रेल्वेत एक दिवस आणि एक रात्र काढावी लागे! नगरा मोहल्ल्यातला दूधवालाही तयार झाला होता. काका आतून ओरडत, ‘भैया, समंदर की तरफ रख दो,’ की तो लोटा बिनचूक पश्चिमेच्या ओट्यावर ठेवी.

मालगाडीचे गार्ड, मूळचे बाणकोटचे. मुलांनो, बाणकोट आणि हर्णै ही कोकणातली दोन छोटी बंदरं. काकांची थोरली बहीण, आक्का, हर्णैला दिलेली. तरुणपणी दर भाऊबीजेला ते बाणकोटहून किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर तिच्याकडे जात. नोकरी लागली आणि दिवाळीची रजा कायमची संपली. भाऊ आला नाही की बहिणी चंद्राला ओवाळतात, तसं आक्का ओवाळी. ‘माझ्या जागी वर बदली माणूस नेमलाय,’ काका म्हणत, आणि हसून झाल्यावर चष्मा पुसत बसत.

निवृत्तीनंतरची पहिली भाऊबीज सायकलवरच गाठायची, हे ठरलेलं होतं. सरावासाठी ते दर रविवारी झाशीजवळच्या बरुआसागरला जात. मी तेव्हा कॉलेजात होते, सायकल नुकतीच शिकलेली, मलाही नेत. चढावर मी उतरले की विचारत, ‘का गं, सिग्नल पडला नाही वाटतं?’

त्या किनाऱ्याचं त्यांनी चक्क वेळापत्रक केलं होतं. बाणकोट सुटणार आठला, मग वेळास, केळशी, बाराला आंजर्ल्याची खाडी, होडीने पलीकडे, साडेबाराला हर्णै. ‘खाडीला बाराला पाणी असतंच. दर वर्षी पाहिलंय.’

पण दिवाळीआधीच, नवरात्रात, पत्र आलं. आक्का अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी दिवाळीची खात्री दिली नव्हती. खाली तिनेच लिहवून घेतलं होतं, ‘सायकलनेच ये. घंटी ऐकायची आहे.’

सायकल रेल्वेत चढवून काका कोकणात पोचले आणि अष्टमीला बाराच्या ठोक्याला खाडीवर हजर. पाहतात तो होडी चिखलात आडवी आणि होडीवाला विडी ओढत बसलेला.

‘अहो, बारा वाजले!’

‘वाजू देत की. आज अष्टमी, ओहोटी आहे. भाऊबीजेला आला असतात तर मिळालं असतं पाणी. आता बसा तीन तास.’

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. ते दर वर्षी एकाच तिथीला येत, म्हणून पाणी एकाच वेळेला भेटे. रेल्वेच्या माणसाने त्यालाच वेळापत्रक मानलं. ‘त्या तीन तासांत घड्याळ किती वेळा पाहिलं, विचारू नकोस,’ पुढे ते मला म्हणाले.

उन्हं कलताना हर्णैच्या अंगणात घंटी वाजली. ‘मेल्या, उशीर केलास!’ आतून आवाज आला. आक्काने सुनेला निरांजन लावायला सांगितलं.

‘अहो, पण अजून दिवाळी कुठे...’

‘भाऊ आला ना? मग आजच भाऊबीज.’

आक्काने दिवाळी पाहिली नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी काका झाशीत, समुद्राच्या बाजूच्या ओट्यावर बसले होते. मी पाट मांडला, निरांजन आणलं आणि ओवाळलं. पुढे ते असेपर्यंत दर वर्षी ओवाळलं.

ते वेळापत्रक आता माझ्या कपाटात आहे. खाडीपुढचे बारा त्यांनी तांबड्या शाईने खोडलेत आणि लिहिलंय, ‘पाणी येईल तेव्हा.’

मुलांनो, यंदाही दिवाळीला घरी यायला जमत नाही, असं तुम्ही दोघांनी फोनवर सांगितलंत. हरकत नाही. याल त्या दिवशी ओवाळीन.