बस्त्यावच्या घोड्याला माझं उत्तर

आज सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत डोळे मिटून मी बस्त्याव हरावा म्हणून प्रार्थना केली. लिहितानाही लाज वाटते.

दर रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात आम्ही बुद्धिबळ खेळतो. वीस वर्षं तिथे मला हरवणारं कुणी नव्हतं. मग बस्त्याव निवृत्त झाला, मोबाईलवर खेळ शिकला, आणि आता बघणारे सगळे त्याच्या मागे उभे राहतात. माझा जळफळाट होतो.

तो पहिलीच चाल घोड्याची करतो. पुढे त्यातून काय काढेल, काही सांगता येत नाही. माझ्याकडे काळ्या सोंगट्या. मी चिडून प्यादी पुढे रेटतो आणि तीच गमावतो. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, आधी प्यादी, मग घोडा.

"काय रे, आज पण प्यादीच पळवणार?" बस्त्याव हसला.

खरं तर उत्तर मला महिनाभर माहीत होतं. त्याची नक्कल केली असं लोक म्हणतील, म्हणून करत नव्हतो. कुणावर जळता जळता तुम्हीही बरोबर गोष्ट अशी टाळली आहे का?

आज मीही पहिल्याच चालीला काळा घोडा बाहेर काढला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "बस्त्याव, हे तुझ्याकडूनच शिकलो."