स्पिरिटचा डबा

आगीला आमच्या जीवशास्त्राच्या सरांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या तळेगावात नव्हता, असं मी आयुष्यभर सांगत आलो. तसे ते सगळ्यालाच जपत. प्रयोगशाळेच्या दारात आमचे खिसे रिकामे करवीत. गूळ, शेंगदाणे, बोरं खिडकीत ठेवायची आणि तास संपल्यावर कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्यांना शिवायचं नाही. कुणी टाक तोंडात धरला की बेडकाकडे बोट दाखवून विचारीत, "याचा मुका घेशील का रे?" शनिवारी आगीची तालीम असे. एकाने पेटल्याचं सोंग करायचं, सर ओरडणार, "आडवा हो!" आणि बाकीच्यांनी ओलं पोतं टाकून त्याला दाबायचं. सोंग बहुधा माझ्याकडेच येई. बाजारात सरांची सायकल दिसली की पोरं आडोशाने "आडवा हो" ओरडत. सर शांतपणे घंटी वाजवून पुढे जात.

एकदा बेडकाला क्लोरोफॉर्म कमी पडला. त्याने उडी मारली, पेटता दिवा कलंडला आणि सरांच्या धोतराने पेट घेतला. सर धावत सुटले. माझ्या बाकावरचा मावळातला मित्र मागून ओरडला, "सर, पळू नका, आडवं व्हा की!" व्हरांड्यात पोचल्यावर ते आडवे झाले. आम्ही पोतं टाकलं. खालून आवाज आला, "तोंड मोकळं ठेवा रे."

पुढे पिंपरीत नोकरीला लागल्यावर ही गोष्ट मी कँटीनमध्ये, लग्नकार्यांत रंगवून सांगितली. शिकवणारा स्वतःच पळाला म्हटलं की हशा ठरलेला.

खरं असं, की सरांच्या पायाशी स्पिरिटचा डबा होता आणि भोवती आम्ही पोरं. ते तिथेच आडवे झाले असते तर डबा पेटला असता. म्हणून ते जळत जळत आमच्यापासून लांब गेले. मी जवळच उभा होतो, मला हे तेव्हाच कळलं होतं. पण डबा सांगितला की कुणी हसत नसे. मी तो गाळत गेलो.

आता सर नाहीत. ते होते तेव्हा एका मुंजीच्या पंगतीत मी ही गोष्ट सांगून संपवली आणि मागे पाहिलं, तर सर बसलेले. ते उठले, भाजलेला पाय ओढत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोंग अजून छान करतोस." डब्याचं मला तेव्हाही सांगता आलं असतं. सर नळाशी वाकून कोपरापर्यंत हात धूत होते, आणि पंगत अजून हसत होती.